सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले पाणी

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र एकच आहे, म्हणून ते नीट वापरायला हवे. उचलताना एक हात दांड्याला, दुसरा बुडाखाली. डोळा लावतो ते वरचे भिंग म्हणजे नेत्रिका. खाली, वस्तूजवळ असते ते वस्तुभिंग. दोन्ही 10 पटींची, म्हणून वस्तू 100 पट मोठी दिसते. मंचावर काचपट्टी ठेवायची व खालचा आरसा उजेडाकडे वळवायचा. सूर्याकडे मात्र मुळीच नाही, डोळा जाईल! मग बाजूने बघत बघत मोठ्या स्क्रूने भिंग काचेजवळ आणायचे आणि नेत्रिकेतून पाहताना ते वरच न्यायचे. खाली आणले तर काच कडकन फुटते. लहान स्क्रू अगदी शेवटी.

गंमत म्हणजे आत सगळे उलटे दिसते. पट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळते.

मी ओढ्याच्या पाण्याचा थेंब पाहिला. चपलेच्या तळासारखा एक जीव सरसर जात होता. सर म्हणाले, हा पॅरामेशियम. मग आमच्या हंड्यातले पाणी पाहिले, तर काहीच दिसेना. आजी म्हणाली, "मी सांगत नव्हते, पाणी निवळशंख आहे म्हणून?"

पण पटकीचा जंतू मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशाएवढा. तो 100 पटींत कुठला सापडायला! 1884 साली कलकत्त्याच्या एका तळ्यात रॉबर्ट कॉख यांना तो सापडला, तो यापेक्षा पुष्कळ जोरदार यंत्रामुळे.

आजीला हे अजून पटलेले नाही. आई मात्र आता पाणी उकळूनच हंड्यात भरते, आणि आजीचा तांब्याही त्यातूनच भरतो.