ओझ्याच्या चालीने

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांपैकी आपल्याच पिकअप ट्रकला भाड्याचा ट्रेलर जोडून तो स्वतः ओढीत नेण्याचा मार्ग मला सर्वांत अधिक शिकवून गेला. पत्नीची नेमणूक सॉल्ट लेक सिटी येथे झाली आणि आयोवातील डे मॉइन शहरी वर्षानुवर्षे साठत आलेला संसार हजारावर मैल पश्चिमेस नेण्याचा प्रसंग आला, तेव्हा पलंग, कपाटे, सोफा इत्यादी अवजड सामान आम्ही तेथेच देऊन टाकले. परंतु पुण्याहून आणलेले सासूबाईंचे शिसवी देवघर, त्यांचे शिवणयंत्र आणि पुस्तकांच्या पेट्या परक्या हमालांच्या स्वाधीन करावयास दोघांचेही मन तयार होईना.

ट्रेलर एका गावी घ्यावा आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या गावी सोडून द्यावा, ही सोय आज इतकी सर्वत्र झाली आहे की तिला कोणी आरंभकर्ता असेल हे मनातही येत नाही. दुसरे महायुद्ध संपत आले असता, 1945 साली, नौदलातून मुक्त झालेले लिओनर्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांना आपले सामान लॉस एंजेलिसहून पोर्टलंडकडे न्यावयाचे होते. एकेरी प्रवासासाठी ट्रेलर भाड्याने मिळेना, आणि त्या अडचणीतूनच वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड येथे ‘यू-हॉल’चा जन्म झाला. युद्धानंतर लक्षावधी कुटुंबे नव्या गावी, नव्या नोकरीवर निघाली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या साध्या कल्पनेचे मोल कळते. सामान्य मनुष्याचा संसार त्याच्या स्वतःच्या हाती ठेवणारी ही योजना मला फार थोर वाटते. आम्ही घेतलेला ट्रेलर सहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि चोहोबाजूंनी बंदिस्त होता. सामानासह त्याचे वजन 4,400 पौंडांपलीकडे जाऊ नये आणि वेग ताशी 55 मैलांहून अधिक नसावा, अशा दोन अटी होत्या.

ट्रेलर सुखरूप पोहोचणार की नाही, याचा निकाल बहुतांशी तो भरतेवेळीच लागतो. आमच्या सांगली जिल्ह्यातील गावी आजोबा कारखान्याला ऊस नेण्यासाठी बैलगाडी भरीत, तेव्हा मोळ्या कोठे पडतात याकडे त्यांची नजर अखंड असे. कारण भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होई आणि जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याचा पट्टा आवळे, व तोच भार पुढे अतिशय झाला की गाडी धुरेजड होऊन त्यांच्या माना दबत. “अरे, चढाला लागल्यावर भार आपोआप मागं सरतो, म्हणून सपाटीवर गाडी जराशी धुरेजडच असू दे,” असे ते मला सांगत. ट्रेलरचे शास्त्र याहून निराळे नाही. एकूण भारापैकी सुमारे साठ टक्के आसाच्या पुढे असावा, आणि ट्रेलरच्या पुढील दांडीचा जो दाब पिकअपच्या हिचवर पडतो, तो एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, असा नियम आहे. दाब त्याहून कमी झाला, तर बाजूच्या वाऱ्याने दिलेला लहानसा हेलकावा मागच्या वजनाच्या जोराने वाढत जातो, वेगासरशी अधिकच वाढतो, आणि अखेरीस ओढणाऱ्या वाहनासही रस्त्याबाहेर लोटतो. दाब फाजील झाला, तर पिकअपची मागील चाके दबून पुढील चाके हलकी होतात व सुकाणूचा धाक उरत नाही.

म्हणून पुस्तकांच्या पेट्या आम्ही आसाच्या पुढे, अगदी जमिनीलगत रचल्या, देवघर गाद्यांच्या आधाराने मध्यभागी उभे केले, आणि अंथरूण-पांघरूण, कपडे व स्वयंपाकघरातील हलकी भांडी मागे ठेवली. पुढे ट्रक स्टॉपवरील वजनकाट्यावर पिकअप एकदा ट्रेलरवाचून आणि एकदा ट्रेलरसह उभा करून रुजुवात करून घेतली. ट्रेलरचे एकूण वजन 3,900 पौंडांच्या आसपास आणि हिचवरील दाब 470 पौंड भरला, म्हणजे बाराव्या टक्क्यास येऊन ठेपला. हा दाब पिकअपच्या स्वतःच्या भारवहनक्षमतेतून वजा होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेल्या आकड्यातून आम्ही दोघे, मागच्या हौद्यातील पेट्या आणि हे 470 पौंड वजा करूनच उरलेल्या सामानाचा हिशेब केला. सुरक्षेच्या साखळ्या दांडीखालून परस्परांना छेद देऊन अडकविल्या, म्हणजे दांडी निसटलीच तर ती जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. वळणाचे व ब्रेकचे दिवे पत्नीने मागे उभे राहून तपासले.

इंटरस्टेट 80 हा आमचा आरंभापासून अखेरपर्यंतचा मार्ग. ओमाहा येथे मिझूरी नदी ओलांडून आम्ही नेब्रास्कात शिरलो. लिंकन आणि ग्रँड आयलंड या शहरांच्या दरम्यान हा महामार्ग सुमारे 72 मैल जवळजवळ सरळ रेषेत जातो, आणि तेथे ताशी 75 मैलांची मुभा असता उजव्या मार्गिकेतून 55 ने चालणाऱ्या मनुष्याला त्या सपाट भूमीची विस्तीर्णता जशी उमगते तशी घाईने जाणाऱ्यास उमगत नसावी. पेट्रोलचा खप जवळजवळ दुपटीने वाढला होता, त्यामुळे थांबेही वाढले. प्रत्येक थांब्यावर चाकांच्या मध्यभागी हात ठेवून ती तापली आहेत काय हे पाहण्याचा शिरस्ता आम्ही ठेवला.

प्लॅट नदीच्या काठाने एकोणिसाव्या शतकात ओरेगनकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या गेल्या, तो मार्ग नेब्रास्काच्या पश्चिम भागात आमच्या रस्त्यापासून फुटून वायव्येस वळतो. पुढे चढ लागल्यावर त्या लोकांनी लोखंडी चुली, ऐरणी, पेट्या, वडिलोपार्जित लाकडी सामान वाटेतच टाकून दिल्याची वर्णने प्रवाशांच्या नोंदींतून आढळतात. ते मी सांगितले तेव्हा पत्नी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “अहो, आपण सोफा दिला ते बरं केलं, देवघर मात्र मी वाटेत टाकलं नसतं.”

वायोमिंगमध्ये रस्ता चढू लागतो. शायान शहर समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर 8,640 फुटांची खिंड आहे, जी या महामार्गावरील सर्वोच्च जागा होय. विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांस सुमारे तीन टक्के कमी होते, त्यामुळे खिंडीपाशी आमच्या इंजिनाचा चवथा हिस्सा जणू खाली शायानच्याही पलीकडे राहून गेला होता. गिअरबॉक्स ओझ्याच्या पद्धतीवर लावून, तापमानाचा काटा पाहत, आम्ही सावकाश वर आलो. खिंडीच्या जवळच, आता नामशेष झालेल्या शर्मन नावाच्या वसाहतीपाशी, 1882 साली पूर्ण झालेला ग्रॅनाइटचा एक साठ फुटी पिरॅमिड आहे. पहिला खंडपार लोहमार्ग उभारण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या एम्स बंधूंचे हे स्मारक होय.

चढापेक्षा उतार कठीण. लॅरमीकडे उतरणाऱ्या दरीत ब्रेकवर पाय दाबून ठेवला तर ते तापून निकामी होतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालून इंजिनालाच वेग धरू द्यावयाचा, आणि ब्रेक मधूनमधून थोडा दाबून लगेच सोडावयाचा.

लॅरमीस पोहोचलो तो पुढील मार्गावर हलक्या व उंच वाहनांस वाऱ्यामुळे मनाई केल्याचा विद्युत्फलक झळकत होता. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा त्याच्या वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. एल्क पर्वताजवळील डोंगररांगांच्या मधून वारा दाटून येतो आणि उंच ट्रकही कुशीवर पाडतो. मनाई नसलेल्या वाहनांची रांग पुढे जात असताना आम्ही मुक्कामाचा निर्णय केला, आणि पहाटे वारा निवळल्यावरच निघालो. तरीही आर्लिंग्टनच्या आसपास, एक मोठा ट्रक वेगाने शेजारून गेला तेव्हा त्याच्या पुढच्या हवेने ट्रेलर प्रथम बाहेर ढकलला आणि मागच्या पोकळीने आत ओढला. अशा वेळी ब्रेक दाबण्याची किंवा चाक फिरवून सावरण्याची अनावर इच्छा होते. मी पाय उचलला, चाक सरळ धरले, आणि दोन-तीन हेलकाव्यांत ट्रेलर पुन्हा मागे शांतपणे येऊ लागला. पुढे बसविलेल्या पुस्तकांचा त्या क्षणी मला किती आधार वाटला, हे सांगता येत नाही.

रॉलिन्सच्या पुढे एक विलक्षण खोरे लागते, ज्यात पडलेला पाऊस अटलांटिककडेही जात नाही आणि पॅसिफिककडेही नाही. ग्रीन रिव्हर व एव्हन्स्टन मागे टाकीत आम्ही यूटात आलो. पार्लीज दरीचा अखेरचा उतार तीव्र आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तेथे वाळू-खडीच्या चढत्या वाटा बांधून ठेवल्या आहेत. खालच्या गिअरमध्ये आम्ही शहरात उतरलो.

नव्या घराची वाट अरुंद होती. मागे घेताना हात चाकाच्या तळाशी धरावा, म्हणजे हात ज्या बाजूस सरकेल त्याच बाजूस ट्रेलरचे शेपूट वळते. पत्नी मला आरशात दिसेल अशा जागी उभी राहून खुणा करीत होती. सामान उतरविताना ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला, कारण दांडी सुटी असताना पुढचा भार आधी काढला तर तो मागे उलटतो. भाड्याच्या आवारात कारकुनाने टायर व दिवे पाहून पोहोच दिली, आणि त्याच ट्रेलरचा करारनामा बॉयझीला निघालेल्या एका तरुण जोडप्याच्या नावे होऊ लागला. त्यांच्या व्हॅनमध्ये वह्या-पुस्तकांचे खोके रचलेले दिसत होते. ते प्रथम कोठे ठेवावे असे मुलीने विचारले, तेव्हा मी बाही वर सारून त्यांच्यासह ट्रेलरमध्ये शिरलो.