गारव्याचा हिशेब

लेसर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातले जळते किरण उभे राहतात. प्रत्यक्षात बेळगावच्या खडेबाजारात लाकडी पाटीवर मराठी आणि कानडी नावे कोरणारा लेसर ज्या डायोडमधून निघतो, तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यात का पडावे, असे वाचक विचारतील. कारण एवढेच की, माझ्या मामांचे घर या दाण्यावर चालते आणि त्यांच्या दुकानाची खतावणी मी लिहितो.

या डायोडला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज उष्णतेत जाते. १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी असा लेसर प्रथम चालविला, तेव्हा तो द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत गार ठेवावा लागला होता. साध्या खोलीत अखंड चालणारा डायोड १९७० मध्ये लेनिनग्राडला अल्फेरॉव यांच्या गटाने आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी साधला. नायट्रोजन गेला, उष्णता मात्र राहिली.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी कोरलेल्या रेघा फिक्या येऊ लागल्या. डायोड तापला की तेवढ्याच विजेत प्रकाश कमी देतो. मामांनी दोन उपाय काढले. वीज वाढवायची आणि डायोडला पेल्टिए पट्टी लावून तो बर्फासारखा गार करायचा. या पट्टीतून वीज सोडली की एक बाजू थंड होते, दुसरी तापते. मी शंका काढली तेव्हा मामा म्हणाले, "अरे, गार तर गार. जास्त गार झालं म्हणून बिघडतंय काय?"

बिघडते, हे आम्हांला दुरुस्तीला आलेल्या गोकाकच्या अण्णांनी समजावून दिले. आपल्याकडच्या पावसाळी हवेत डायोड फार थंड केला तर काचेवर आणि तारांच्या टोकांवर दव धरते. "तंपु बेकु, इब्बनी बेड," असे ते म्हणाले. गारवा हवा, दव नको. दुसरे असे की, तापलेल्या डायोडसाठी वाढवलेली वीज तो गार झाल्यावर तशीच ठेवली, तर प्रकाश एकदम वाढतो आणि डायोडचे तोंडच जळून जाते. म्हणजे मामांचे दोन्ही उपाय एकत्र आले असते, तर औषधानेच रोगी गेला असता.

अण्णांनी केले ते साधेच. यंत्र बंद करून ॲल्युमिनियमच्या पंख्यांमधली धूळ काढली. ठोकळा आणि डायोड यांच्यामधला वाळलेला लेप पुसून नवा लेप अगदी पातळ लावला. जाड लेप उष्णता अडवतो. स्क्रू आळीपाळीने, बेताने आवळले. हाताला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधल्याशिवाय डायोडला बोट लावले नाही, कारण अंगातल्या स्थिर विजेचा एक झटकाही त्याला पुरतो. पंखा बंद असताना यंत्र चालवायचे नाही, अशी ताकीद देऊन ते गेले.

तरी दुपारचा प्रश्न उरला. लग्नसराईतली कामे होती, कर्जाचे हप्ते होते. दुपारी यंत्र थांबवायचे म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचे, ही मामांची धास्ती खरी होती. मी वही पुढे ठेवली. आम्ही कॉलेजात यंत्रावर दरसाल ठराविक टक्के घसारा धरायला शिकतो. डायोडचा घसारा वर्षे मोजत नाही, तो तापमान मोजतो. दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ ठोकताळा आहे. नव्या डायोडची किंमत आणि तो येईपर्यंतची खाडे मी दुपारच्या कमाईसमोर मांडली. मामा बराच वेळ आकडे बघत बसले.

आता कोरीव काम सकाळी आणि सांजेला होते. दुपारी बिले आणि पॉलिश. दोन गिऱ्हाइके गेली, ती परत आली नाहीत. पण डायोड तोच आहे, रेघा काळ्याभोर येतात आणि कर्जाचे चारच हप्ते राहिले आहेत.