बाळंतपणास माहेरीं जाणारी मासळी

आमचें घर शिरूरास घोडनदीच्या कांठीं, आणि आजोळ दौंडास भीमेच्या कांठीं. घोड नदी दौंडच्या वरच्या अंगास भीमेस मिळते, हें आम्हीं भूगोलांत तोंडपाठ केलें होतें. पण आजोळच्या पाण्यांत आपल्याच गांवचें पाणी मिसळलेलें आहे, हें मात्र कधीं मनांत आलें नाहीं. पाठ केलेलें आणि कळलेलें यांत केवढें अंतर असतें, हें आम्हांस एका मासळीनें शिकविलें. तीच हकीकत आज विद्यार्थी मित्रांस सांगावयाची आहे.

सन १९७४ ची उन्हाळ्याची सुटी होती. भीमेच्या डोहांत जाळें टाकणाऱ्या एका वृद्ध भोईबाबांच्या टोपलींत आम्हीं प्रथम अहीर पाहिला. दोन हात लांब, सर्पासारखा गुळगुळीत, पिवळट अंगावर काळसर ठिपके. आम्हीं ऐटीनें म्हटलें, "ही वाम!" बाबा हसले. "वामीच्या पाठीवर काटं असत्यात, हात फिरवून बघ. ह्यो अहीर." मग सुरी चालवितां चालवितां ते म्हणाले, "चाळीस वरसं मासळी चिरतोय, पोरा. पर अहिराच्या पोटात गाभोळी कदी घावली न्हाई. ही मासळी हितली न्हवं. बाळंतपणाला माहेरी जात असंल, लांब कुठंतरी."

आम्ही त्या वर्षीं सातवी पास झालों होतों! मासे जेथें राहतात तेथेंच अंडीं घालतात, असें सांगून आम्हीं त्यांस चार मुलांदेखत हिणविलें. बाबा रागावले नाहींत. "असंल बाबा, पुस्तकात तसं असंल," एवढेंच म्हणून ते टोपली उचलून चालूं लागले.

पुढें महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकतांना आम्हांस कळून आलें कीं, खरें बाबांचेंच होतें. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, त्यांत या माशास एल्फिन्स्टन साहेबांचें नांव दिलें होतें; तें १८३९ मध्यें प्रसिद्ध झालें. आतां शास्त्रज्ञ त्यास ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ म्हणतात. हा जन्मतो हिंदी महासागराच्या खोल पाण्यांत. पानासारखें चपटें, पारदर्शक पिल्लूं प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्यास येतें, तेथें कांचेच्या काडीसारखें होतें, आणि मग नदींत चढूं लागतें. भीमेंत येणाऱ्या पिल्लास कृष्णेच्या मुखांत शिरून, रायचुराजवळ भीमेची वाट धरून वर यावें लागतें. नदींत फार वर चढतात त्या बहुधा माद्याच. कित्येक वर्षें गोड्या पाण्यांत काढल्यावर मादी समुद्राकडे परतते. गाभोळी परिपक्व होते ती या परतीच्या प्रवासांत. समुद्रांत ती एकदांच अंडीं घालते, आणि तेथेंच मरते.

युरोपांतील अहिराचे जातभाई चिखलांतून उपजतात, असें ॲरिस्टॉटलसारख्या पंडितानेंही लिहिलें आहे. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञानें, जेथें पिल्लें सर्वांत लहान तेथें त्यांचें जन्मस्थान, हें सूत्र धरून १९०४ पासून समुद्र धुंडाळला, आणि १९२२ च्या सुमारास दूरच्या सार्गासो समुद्राकडे बोट दाखविलें. गाभोळी नदींत नाहीं, हें बाबांस सुरीनें कळलें होतें. ती असते कोठें, हें शोधण्यास अठरा वर्षें लागलीं.

आतां आनुवंशिक द्रव्याची तपासणी होऊं लागली आहे. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अशा एका तपासणींत युरोपच्या निरनिराळ्या नद्यांतील हे मासे एकाच कुळाचे ठरले. कारण उघड आहे. नद्या निराळ्या, पण माहेर एक. तेथें कोणत्याही नदीच्या मादीस कोणत्याही नदीचा नर भेटतो, आणि पिल्लूं आईच्याच नदींत जाईल असा नेम नाहीं. उलट, त्याच गोत्रांतील ‘मार्मोराटा’ ही जात हिंदी व पॅसिफिक या दोन्ही महासागरांत राहते. तिच्या विणीच्या जागा दूर दूर पडल्यामुळें तिचीं कुळेंही वेगळीं झालीं आहेत.

यावरून एक गंभीर गोष्ट निघते. नदींतच विणणारा महसीर धरणानें अडविला, तर वरचे व खालचे मासे काळांतरानें एकमेकांस परके होतील. पण वरचे आपला वंश चालवूं शकतात. अहिराचें तसें नाहीं. वाट बंद झाली म्हणून भीमेच्या अहिराचें निराळें कूळ होत नाहीं. धरणावरचे अहीर म्हातारे होतात, आणि संपतात. कृष्णेवर १९६७ मध्यें नागार्जुनसागर झालें, पुढें श्रीशैलम् आणि जुराळा. १९८० मध्यें आमच्या भीमेवर उजनी. बाबांच्या टोपलींतला तो अहीर कदाचित् पहिली उंच भिंत उभी राहण्यापूर्वींच वर आला असेल. धरणांस दूषण देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांचेंच पाणी आम्ही पितों. परंतु अहिराच्या पिल्लांस चढतां यावें म्हणून कित्येक देशांत बंधाऱ्यांस ओल्या, खरबरीत उतरणी ठेवितात, एवढें सांगणें अवश्य वाटतें.

असो. बाबांची क्षमा मागावी असें पुष्कळदां मनांत येई. पण चाकरीमुळें दौंडास जाणें लांबत गेलें. अखेर १९९६ सालीं गेलों, तों बाबा वारले होते. त्यांच्या मुलाच्या टोपलींत चिलापी होती. अहिराविषयीं विचारतां तो म्हणाला, "आबा गेल्यापासनं म्या तरी बघितला न्हाई."

विद्यार्थी मित्रहो, पुस्तकें अवश्य वाचा. पण ज्याचे हात चाळीस वर्षें एका कामांत मुरले आहेत, त्याचें बोलणें हंसण्यावारी नेऊं नका. तो काय म्हणतो तें वहींत टिपून ठेवा. आणि क्षमा मागावयाची असेल, तर ती त्याच सुटींत मागा.