अम्मीची पेन्शन आणि माझी

अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात अम्मीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, बस्स. (हयात हा आपला शब्द सरकारी मराठीत किती आरामात बसलाय!) महागाई भत्ता वाढला की तिची रक्कमही वाढते.

मीही शिक्षकच, उर्दू माध्यमात मराठी शिकवतो. पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलो, आणि त्या तारखेपासून राज्यात जुनी पेन्शन बंद झाली. आधी डीसीपीएस, मग एनपीएस. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे 10 टक्के माझे कापले जातात, 14 टक्के सरकार घालतं. पैसा बाजारात जातो. निवृत्तीला 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात, उरलेल्यातून विमा कंपनी दरमहा काही देणार. किती, ते त्या दिवसाच्या बाजारावर. आमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही प्रकारचे शिक्षक शेजारी बसून तेच पेपर तपासतात.

मार्च 2023 च्या संपात मीही होतो. दहावीची परीक्षा चालू होती, लोक चिडले होते. एका विद्यार्थ्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. ते म्हणाले, "सर, चाळीस वर्षं लूमवर घातली. आम्हाला पेन्शन कोण देणार?" या प्रश्नावर मी अजून अडतो. त्यांना नाही म्हणून माझी काढून घ्या, हे मला पटत नाही. पेन्शन ही खैरात नाही, नोकरीच्या अटींतला पगारच आहे, उशिरा मिळणारा. पण भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन महिना 1000 रुपये आहे, आणि या कामगारांपैकी कित्येकांची तिथे नोंदच नसते. आमच्या मोर्च्यांत मी त्याबद्दल एक घोषणा ऐकली नाही. हे मला खटकतं.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना जाहीर केली, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही लगेच स्वीकारली. शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के पेन्शन, वर महागाईची वाढ. ऐकायला चांगलं. मात्र पूर्ण 50 टक्क्यांसाठी सेवा 25 वर्षं हवी. आमच्या एक बाई डीएड, बीएड करून वाट बघत बसल्या होत्या. 2012 नंतर कित्येक वर्षं शिक्षकभरती जवळजवळ ठप्पच होती. नोकरी मिळाली तेव्हा त्या 37 वर्षांच्या. 58 ला निवृत्ती म्हणजे 21 वर्षं. मधल्या सुट्टीत मोबाइलवर त्यांनी हिशेब केला: 42 टक्के.