१९३ आणि २०२

हॅलिफॅक्स, १४ जून

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

आज फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत जाऊन आलो. टायटॅनिकवरच्या १२१ जणांना इथे मूठमाती मिळाली. काळ्या ग्रॅनाइटच्या बुटक्या दगडांच्या रांगा उतारावर जहाजाच्या बाकासारख्या वळत गेल्या आहेत. मी शोधत होतो तो दगड जॉन लॉ ह्यूमचा. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजचा व्हायोलिनवादक, वय २१.

दगडावर नाव, १५ एप्रिल १९१२ ही तारीख आणि १९३ हा आकडा. मॅके-बेनेट या केबल टाकणाऱ्या जहाजाने समुद्रातून मृतदेह काढले, तेव्हा सापडतील त्या क्रमाने आकडे दिले. शेजारच्या कित्येक दगडांवर तर नावही नाही.

व्हायोलिनचा उल्लेख मात्र नाही. बोट बुडत असताना लोकांचा धीर सुटू नये म्हणून तो वाजवत राहिला, सोबत सात साथीदार. आठांपैकी एकही वाचला नाही. पुढे त्याच्या वडिलांच्या हाती गणवेशाच्या थकबाकीचं बिल पडलं. दगडापाशी ते आठवलं आणि तिथून पाय निघेना.

हॅलिफॅक्स, १५ जून

आबा, आज माउंट ऑलिव्हेटला गेलो. ही कॅथलिकांची दफनभूमी. टायटॅनिकवरचे १९ जण इथे आहेत, त्यांतच डबल बास वाजवणारा फ्रेडरिक क्लार्क, आकडा २०२. एकाच जहाजावरचे दोन वादक. पंथ वेगळा, म्हणून माती वेगळी.

पेटी शिकवताना तुम्ही म्हणायचात, साथीदाराचं नाव पत्रिकेत बारीक अक्षरात असतं, पण गाणं त्याच्याच खांद्यावर उभं असतं. ते मला आज इथे उमगलं.

वाद्यवृंदाचा प्रमुख वॉलेस हार्टली, आकडा २२४, त्याच्या गावी, इंग्लंडमधल्या कोल्नला पोचला. त्याच्या समाधीवर व्हायोलिन कोरलंय. उरलेले पाच सापडलेच नाहीत. त्यांना समुद्राखेरीज थडगं नाही.

गुरुवारी भजन सुरू होण्याआधी एवढी नावं मोठ्याने वाचाल? हार्टली, ह्यूम, क्लार्क, ब्रेली, ब्रिकू, क्रिन्स, टेलर, वुडवर्ड. आकडे वाचू नका.

आईला नमस्कार.

आपला,
विनू