शहाबादी

लातूरच्या आमच्या घरात सैपाकघरापासून मोरीपर्यंत शहाबादी फरशी होती. आजी तिच्यावर खडूने दुधाचा हिशेब मांडायची आणि पहिल्या तारखेला ओल्या फडक्याने पुसून टाकायची. मीही पहिली अक्षरे तिच्यावरच गिरवली, पाटी नंतर आली. ज्या शहाबादचे नाव ती लावते ते गाव कलबुर्गी जिल्ह्यात आहे, हे नोकरीने तिकडे नेल्यावर कळले. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक थराथराने सुटतो. १८७१ साली मुंबई-रायचूर रेल्वे या भागातून पुढे गेली आणि जड दगडाला दूरची गिऱ्हाइके मिळाली.

तिथल्या खाणीजवळच्या वस्तीत रविवारी मुलांना शिकवायला जाऊ लागले. फळा नव्हता, पण कड उडालेल्या फरश्यांचे ढीग होते. ज्याने-त्याने आपला तुकडा आणायचा, खडू मी द्यायची. मुले घरी वडारी बोलत, रस्त्यावर दखनी, शाळेत कन्नड; माझी मराठी त्यांना गमतीची वाटे. म्हणून आधी गणित घेतले. कन्नड अक्षरे मीच त्यांच्याकडून घोटली, आणि चौथीतली एक पोरगी माझी वळणे फार कडकपणे तपासायची.

भालकीच्या चन्नबसव पट्टद्देवरांनी निजामाच्या राजवटीत बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले, असे त्या भागात आजही अभिमानाने सांगतात. आमच्यापुढे तसले काही धाडस नव्हते. अडचण साधी होती: मुले टिकत नसत. पावसाने खाणीत पाणी भरले की काम थांबे आणि बिऱ्हाडे हैदराबाद, पुण्याच्या बांधकामांवर जात. दप्तरे वाटून फोटो काढणारे पाहुणे नेमके हिवाळ्यात यायचे, तेव्हा वर्ग भरलेला दिसायचा. त्यांचा राग नाही. पण दप्तरांपेक्षा पावसाळ्यात कुणी पोरांच्या मागोमाग गेले असते तर बरे झाले असते.

एका दिवाळीनंतर ती पोरगी परतली ती हातच्याची बेरीज विसरूनच. पुन्हा मुळापासून सुरुवात केली. तिचा धाकटा भाऊ मात्र हैदराबादेत तेलुगू शाळेत बसून आला होता. तो दोन्ही लिप्या सरमिसळ लिही, आणि त्या इतक्या जवळच्या की त्याचा ‘क’ कुठल्या राज्यातला, हे मला ओळखता येईना. मी बरोबरची खूण करून पुढचे अक्षर विचारले.