सातबारा विकणाऱ्यांच्या गावाहून

आदरणीय सतीश मगर यांस,


लातूरच्या रिंगरोडलगत हल्ली तूर निघाली की पुढची पेरणी होईलच असे राहिलेले नाही. जेसीबी येतो, बांध मोडतात, मुरूम पडतो, फक्की मारून वीस बाय तीसचे प्लॉट पाडले जातात आणि रस्त्याच्या तोंडाला कमान उभी राहते. नांदेडला आसना बायपास आणि मालेगाव रोडच्या बाजूला तेच चालू आहे. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आला, तेव्हापासून त्या अंगाच्या जमिनीलाही भाव चढले. शेतकऱ्याला टोकन मिळते, इसारपावती होते, खरेदीखताच्या दिवशी उरलेली रक्कम हातात पडते. त्यातून मुलीचे लग्न उरकते, घराचा स्लॅब पडतो, दारात एक चारचाकी उभी राहते. पुढे त्याच जमिनीवर कॉम्प्लेक्स होते, गाळे निघतात, भाडी सुरू होतात, पण त्यातला एक रुपयाही मूळ मालकाच्या घरी येत नाही. आपल्याच जुन्या वावरात रात्रपाळीचा वॉचमन म्हणून बसलेला माणूस मी पाहिला आहे. त्याला विहीर कुठे होती ते अजून बोटाने दाखवता येते. तिच्यावर आता पार्किंग आहे.

हडपसरला तुम्ही जे केले, ते आमच्याकडे कोणी नीट समजावून सांगितलेले नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याच्या 1982 च्या विकास आराखड्यात हडपसरच्या मगरपट्ट्याची जमीन भविष्यातल्या शहरीकरणासाठी दाखवली गेली, तेव्हा तुमच्या भावकीपुढेही आमच्यासारखाच पेच होता. बिल्डर दारात होते आणि नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची टांगती तलवार डोक्यावर होती. तुम्ही कृषी पदवीधर, घरची शेती करणारे. एकेकाने सुटी जमीन विकण्याऐवजी सुमारे 120 कुटुंबांची मिळून जवळपास 400 एकर जमीन एकत्र ठेवायची, कंपनी काढायची आणि ज्याची जितकी जमीन त्याला तितका हिस्सा द्यायचा, हे तुम्ही भावकीच्या गळी उतरवले. 1993 मध्ये प्रस्ताव सरकारपुढे गेला आणि बांधकाम सुरू व्हायला 2000 साल उजाडले. मधल्या वर्षांत रोख पैसे घेऊन दलाल येतच असणार. तरीही एवढी घरे एका विचारावर टिकली, ही मला तुमच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. इमारतींचे नकाशे पैसे देऊन मिळतात. भावकीचा विश्वास तसा मिळत नाही, आणि आमच्याकडे तर बांधाच्या वीतभर जागेवरून सख्खे भाऊ तालुका कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

दुसरी गोष्ट भाड्याची. मगरपट्ट्याच्या सायबरसिटीतली कार्यालये विकून मोकळे न होता तुम्ही ती भाड्याने दिली. त्यामुळे ज्वारी-उसाच्या उत्पन्नाची जागा दरमहाच्या उत्पन्नाने घेतली आणि शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीकडेही मालकी राहिली. घरातल्या तरुणांना बांधकामाची आणि माल पुरवायची कामे मिळाली, तीही त्याच जमिनीवर. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गावातही दोनशेहून अधिक शेतकरी कुटुंबांच्या सुमारे 700 एकरांवर तुम्ही हीच रीत वापरली. म्हणजे ती एका भावकीपुरती राहिली नाही. 2019 मध्ये तुम्ही क्रेडाईचे राष्ट्रीय अध्यक्ष झालात. शेतकऱ्याच्या घरातला माणूस बांधकाम व्यावसायिकांच्या देशव्यापी संघटनेच्या प्रमुखपदी बसला, याचा आम्हाला अभिमान वाटला.

लातूर म्हणजे पुणे नव्हे, हे मला मान्य आहे. इथे आयटी कंपन्या रांगा लावणार नाहीत. पण इथे विद्यार्थी येतात. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’मागे दरवर्षी मराठवाडाभरातून मुले येतात आणि ट्यूशन एरियातल्या खोल्या, मेस, अभ्यासिका भाड्याने जातात. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे वर्षभर देशभरचे यात्रेकरू असतात. गुरु-ता-गद्दीच्या 2008 च्या सोहळ्याने ते शहर किती बदलले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. भाडे देणारा माणूस आमच्याकडेही आहे. ते भाडे शेतकऱ्यापर्यंत पोचवणारी व्यवस्था तेवढी नाही. आणि नियोजन म्हणाल तर लातूरला ते नवे नाही. 1917 साली उभी राहिलेली गंजगोलाई, तिच्या मधोमध अंबाबाईचे मंदिर आणि तिला येऊन मिळणारे 16 रस्ते, प्रत्येक रस्त्याला आपापला बाजार. मिरची, गूळ, सोने, चपला, जे हवे त्याचा रस्ता ठरलेला. शंभर वर्षांनंतरही हे शहर त्याच आखणीवर पोट भरते. त्याच शहराभोवती आता नाली नाही, मोकळी जागा नाही अशा वस्त्या वाढत आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तरी नवा ले-आऊट पाडताना पाणी येणार कुठून, हे कोणी विचारत नाही. प्लॉट घेणारा बिचारा नंतर गुंठेवारीच्या नियमितीकरणासाठी महापालिकेत चकरा मारत बसतो. सांडपाणी, कचरा, पावसाचे पाणी यांचा विचार मगरपट्ट्यात आधी झाला, कारण जमीन एकत्र होती. तुकड्या-तुकड्यांत तो होऊच शकत नाही.

दोन बाबतींत मात्र तुमच्या वाटेच्याही पुढे जावे लागेल, आणि ते स्पष्ट लिहितो. हिस्सा सातबाऱ्यावरून ठरला तर ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही तो बाहेर राहतो. पिढ्यानपिढ्या त्या वावरात राबलेला सालगडी, खुरपणीच्या बायका यांची मजुरी जमिनीबरोबरच संपते. आणि बहिणी. जमिनीचा सौदा ठरला की हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायला भाऊ माहेरची साडी घेऊन जातात. कायद्याने वाटा दिला तरी आमच्याकडे तो अजून साडीतच फिटतो. कंपनी काढायचीच तर बहिणीच्या नावाचे शेअर पहिल्या दिवसापासून वेगळे असावेत, आणि राबणाऱ्या हातांसाठी काही हिस्सा राखून ठेवावा.

शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीने नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांत आज अस्वस्थता आहे. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या मोबदल्यावरूनही आंदोलने झाली. रस्ता झाला की दोन्ही बाजूंची जमीन विकासकांच्या यादीत जाते. त्याआधी शेतकऱ्याला दुसरा मार्ग ठाऊक असायला हवा.

म्हणून विनंती अशी की, इथे टाऊनशिप बांधायला येऊ नका, शिकवायला या. तुमच्याबरोबर हडपसरचे आणि सिंहगड रस्त्याचे दोन-चार भागधारक शेतकरी आणा, जे आमच्या माणसांशी आमच्या भाषेत बोलतील. कंपनीचे कागद आणा: करार कसा केला, हिस्सा कसा मोजला, बँकेपुढे कसे उभे राहिलात, एखादे घर अडून बसले तेव्हा काय केले. लातूरच्या बाजार समितीचे आवार आहे, नांदेडला विद्यापीठाचे सभागृह आहे. सोयाबीनची काढणी उरकल्यावर, दिवाळीनंतर शेतकरी मोकळा असतो. तेव्हाची एखादी तारीख कळवा. गावोगाव निरोप देण्याचे काम आमच्याकडे लागले.

आपला,
लातूरचा एक शेतकरीपुत्र